खंडेनवमीची पट्टी

यल्लाप्पा पहिल्यांदा माझ्या दवाखान्यात आला आणि आल्या आल्या माझ्यावरच खेकसला.

"बाई, ह्या मशीनला अर्थिंग न्हाय. आणि तुमी ह्येच्यावर पेशंट झोपवता व्हय?"

हे चौऱ्याऐंशी सालचं. राजारामपुरीत सातव्या गल्लीत मी नुकताच दवाखाना थाटला होता. बाई डॉक्टर म्हणजे बाळंतपणाची डॉक्टर, असा त्या वेळी सगळ्यांचा ठाम समज. तो मला मोडायचा होता, म्हणून मिरजेहून एक जुनं ईसीजीचं मशीन उचलून आणलं. छातीत दुखतंय म्हणून येणाऱ्या बाप्यांनी माझ्याकडे यावं, हा हट्ट. मशीन आलं, पण त्याची रेघ काही सरळ येईना. हृदयाच्या लाटा दिसायच्या ऐवजी नुसती दाट, केसाळ रेघ. कंपनीचा माणूस मुंबईहून तीन आठवड्यांनी येणार होता आणि समोरचे डॉक्टर माझ्या मशीनची चौकशी जरा जास्तच प्रेमानं करायला लागले होते.

माझे कंपाउंडर गणपतराव म्हणाले, बागल चौकात एक रेडिओवाला आहे, चंदगडकडचा, बेळगावात काम शिकलाय, त्याला दाखवू. मी म्हटलं, रेडिओवाल्याला काय कळणार यातलं. गणपतरावांनी ऐकलं नाही, हे माझं नशीब.

यल्लाप्पा तेव्हा तिशीचा होता. काटकुळा, अंगात मळकी हाफ बाही, खिशाला तीन स्क्रू ड्रायव्हर. त्यानं मशीनकडे पाहिलंच नाही. आधी भिंतीतल्या प्लगकडे पाहिलं आणि मला वरचं ते ऐकवलं. मग मागच्या बोळात खड्डा खणला, त्यात तांब्याची पट्टी उभी केली, कोळसा आणि मीठ भरलं, पाणी ओतलं आणि वायर आत आणली. संध्याकाळ झाली. हात धुऊन आला आणि विचारलं, "ह्ये मशीन करतं काय?"

मी सांगितलं की हृदयाच्या प्रत्येक ठोक्याआधी हृदयात बारीकशी वीज फिरते, ती हे मशीन कागदावर काढतं.

"म्हंजे माणसात करंट हाय?"

"आहे. अगदी थोडा."

त्यानं शर्ट काढला आणि माझ्या टेबलावर आडवा झाला. "आदी माज्यावर लावा. माज्यावर नीट चाललं तर पेशंटवर."

तापलेली सुई मेणाच्या कागदावरून सरकू लागली. खोलीत मेण भाजल्याचा तो वास पसरला. आज माझ्या दवाखान्यात सगळं आहे, पण तो वास नाही, आणि मला त्याची आठवण येते हे कबूल करायला मला लाज वाटत नाही. रेघ स्वच्छ आली. लाट, लाट, लाट. यल्लाप्पानं पट्टी फाडून दिव्याखाली धरली, रेघेचा तळ आता केसाळ नाही ना हे डोळा बारीक करून पाहिलं आणि माझ्यापुढे ठेवली. "लिवा. मशीन ठीक. तारीख टाका, सही करा."

मी लिहिलं. दुसऱ्या दिवशी खंडेनवमी होती, हे मला सकाळी तो हळदकुंकू घेऊन आला तेव्हा कळलं.

खंडेनवमीला हत्यारांची पूजा होते, हे कुणाला नव्यानं सांगायला नको. उद्यमनगरातल्या कारखान्यांत लेथपासून हातोड्यापर्यंत सगळ्याला झेंडूची फुलं वाहतात आणि त्या दिवशी यंत्राला सुट्टी. यल्लाप्पाचा मात्र नियम असा की बंद पडलेल्या मशीनची पूजा करायची नाही. "आदी चालतंय का बगायचं, मग फुलं." त्यामुळं दर खंडेनवमीला सकाळी तो यायचा, मशीन पुसायचा, शर्ट काढून आडवा व्हायचा, पट्टी काढायचा. मी त्यावर 'मशीन ठीक' लिहून सही करायची, मग फुलं, नारळ आणि त्याच्या बायकोनं, अंजनानं पाठवलेले चंदगडचे काजू. पट्टी घडी करून तो घरी न्यायचा. एक वर्ष चुकलं नाही. कोरोनात सुद्धा मास्क लावून आला होता.

गावात नाव होत गेलं तसा तो राजारामपुरीतल्या आणि शाहूपुरीतल्या निम्म्या दवाखान्यांचा झाला. सक्शन मशीन, वाफेचं मशीन, बाळांच्या काचेच्या पेट्या, काय वाटेल ते तो उघडायचा. बागल चौकातलं त्याचं दुकान म्हणजे दोन माणसं उभी राहिली तर तिसऱ्यानं रस्त्यावर थांबावं एवढं. आत सोल्डरचा धूर, सांगली आकाशवाणी चालू, आणि भिंतीवर खिळ्यांना टांगलेले स्क्रू ड्रायव्हर. कुठलंही मशीन आलं की तो आधी ते पालथं करून स्क्रू मोजायचा. "सा स्क्रू. म्हंजे सा वेळा ह्येनं सांगितलंय, मला उगडा." पेशंटपेक्षा मशीनशी तो जास्त गोड बोलायचा. माझ्याशी तर कधीच नाही. आमची भांडणं गल्लीभर ऐकू जायची, कारण मीही नाकावर राग घेऊनच जन्माला आले आहे.

एकोणीसच्या महापुरात शाहूपुरीतले दवाखाने छातीभर पाण्यात गेले. पाणी ओसरल्यावर यल्लाप्पानं तेवीस मशीनं गोळा करून माझ्या गच्चीवर उन्हात मांडली. चिखल धुतला, एकेक बोर्ड ब्रशनं पुसला, वाळवला. पासष्टीच्या माणसानं आठ दिवस गच्चीवर बसून काम केलं. तेवीसपैकी अठरा चालू झाली. उरलेल्या पाचांना हात लावून तो म्हणाला, "ह्यास्नी स्क्रूच न्हाईत की ओ."

ती पाच नवी होती. सांधा चिकटवलेला, वर स्टिकर, उघडू नये. तिथून त्याचं काम आटत गेलं. नवी मशीनं छोटी, हलकी, हुशार, आणि बंद. बिघडलं की कंपनीचा पोरगा येणार, अख्खा बोर्ड बदलणार, जुना कचऱ्यात. मीसुद्धा नवं ईसीजी मशीन घेतलं होतं, तळहातापेक्षा थोडं मोठं. पेशंटसाठी तेच. जुनं कोपऱ्यात खणाच्या कापडाखाली, फक्त खंडेनवमीला उघडायचं. त्याचा मेणाचा कागदही मिळेना झाला. यल्लाप्पानं कुठून कुठून रोल आणून साठवून ठेवले होते.

गेल्या वर्षी श्रावणात तो दुकानातल्या स्टुलावरून पडला. अंजना रिक्षात घालून त्याला माझ्याकडे घेऊन आली. कपाळाला खोक, आणि वर ह्याची कुरकुर की चक्कर बिक्कर काही नाही, स्टूल हललं. मी मनगट धरलं. ठोके कमी, आणि मध्येच एक गायब. नवं मशीन लावलं. हृदयाच्या वरच्या कप्प्याकडून खालच्या कप्प्याकडे विजेचा निरोप जात होता, पण दर तिसरा निरोप वाटेतच मरत होता. हा माणूस कुठल्याही क्षणी पुन्हा कोसळला असता, आणि कदाचित उठलाच नसता.

"कधीपासून होतंय हे?" मी विचारलं.

"मला काय ठावं? तुमच्याकडंच असंल की. दर साली पट्टी काढतोय."

मी अंजनाला म्हटलं, घरी त्या पट्ट्या आहेत का?

तिनं बिस्किटाचा पत्र्याचा डबा आणला. मी यल्लाप्पाला हृदयरोगाच्या दवाखान्यात पाठवून दिलं आणि दुपारभर टेबलावर त्या पट्ट्या मांडत बसले. एक्केचाळीस. नव्या मशीनच्या पट्ट्या पाच-सात वर्षांत फिक्या पडतात. मेणाच्या कागदावरची सुईची रेघ मात्र कालची असावी तशी. पहिल्या पट्टीवर निरोप वरून खाली पोचायला कागदावरचे चार बारीक चौकोन लागत होते; पाचापर्यंत ठीक. नव्वद सालीही चार. दोन हजार पाचला साडेपाच. पंधराला सात. पुराच्या वर्षी, ज्यानं तेवीस मशीनं पुसली त्याच्या हृदयाचे चौकोन साडेसात झाले होते आणि खालच्या कप्प्याची लाट रुंदावली होती. तेव्हाच त्याला नीट तपासायला हवं होतं. आणि प्रत्येक पट्टीखाली माझ्या अक्षरात, माझ्या सहीनिशी: मशीन ठीक. मशीन ठीक. मशीन ठीक.

मी डॉक्टर. चाळीस वर्षं लोकांच्या पट्ट्या वाचून पोट भरलं. हा माणूस दर वर्षी माझ्यापुढे स्वतःचं हृदय ठेवत होता आणि मी रेघेचा तळ स्वच्छ आहे ना, एवढंच पाहत होते. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, पण मी तर वळसाही घातला नव्हता. त्या दुपारी मी दवाखाना उघडला नाही. गणपतराव जाऊन दहा वर्षं झालीत, नाहीतर त्यांनी मला निदान चहा तरी आणून दिला असता.

संध्याकाळी गेले. यल्लाप्पा कॉटवर, अंगाला वायरी. मी सगळं सांगितलं. सहा वर्षांपूर्वीच दिसत होतं, मी पाहिलं नाही, चूक माझी.

तो छताकडे बघत म्हणाला, "बाई, तुमी मशीन बगत हुता. मीबी मशीनच बगत हुतो. तुमी एकट्या का रडताय?"

मी रडत नव्हते. म्हणजे, होते.

हृदयाच्या डॉक्टरांनी पेसमेकर सांगितला. फार वर्षांपूर्वी एक्स-रेचं मशीन जिन्यावरून उतरवताना यल्लाप्पाचा डावा खांदा मोडला होता, तिथली जुनी मोडतोड पाहता खांद्याजवळ पेटी आणि तिथून वायरी, असला नेहमीचा पेसमेकर नको म्हणाले. आता बिनवायरीचा निघालाय. औषधाच्या मोठ्या कॅप्सूलएवढा. मांडीच्या शिरेतून वर न्यायचा आणि थेट हृदयाच्या आत बसवायचा. चिरफाड नाही. खर्चाचं सांगत बसत नाही; ज्या डॉक्टरांची मशीनं त्यानं उभी केली होती त्यांनी आपसात ते मिटवलं.

यल्लाप्पानं विचारलं, "बिगाडलं तर उगडता येतंय?"

"नाही. ते बंदच असतं."

"मग नगं."

डॉक्टर हसले. मी हसले नाही, कारण मी त्याला ओळखत होते. दोन दिवसांनी तो स्वतःच्या जबाबदारीवर सही करून घरी आला. मी घरी जाऊन भांडले. आयुष्यात इतकी कधी भांडले नसेन. तो शांत बसून होता, आणि तेच मला जास्त लागलं.

"असल्या बंद डबड्यांनी माजं दुकान बसवलं," तो म्हणाला. "आता त्यातलंच एक माज्या छातीत घालून फिरू म्हंता? मी आतलं बगितल्याबिगार कुठलं मशीन चालू केलं न्हाय आजवर."

"मराल तुम्ही," मी म्हटलं.

"व्हय. पण बगून मरंन."

अंजना दारापर्यंत सोडायला आली. इतकी वर्षं ती माझ्याशी काजूपलीकडे फारसं बोलली नव्हती. हळू आवाजात म्हणाली, "बाई, ह्येनी माणसाचं कवाच ऐकलं न्हाय. मशीनचं ऐकत्यात. कुणी मशीनवालं असंल तर बगा की."

मशीनवाली माझ्या घरातच होती आणि माझ्या डोक्यात आलं नव्हतं. माझी भाची अंतरा बंगळूरला असल्याच उपकरणांच्या संशोधनात आहे. तिला फोन केला. तिनं फार प्रश्न विचारले नाहीत. शुक्रवारी रात्रीच्या गाडीनं निघून शनिवारी सकाळी आली आणि आंघोळ करून थेट बागल चौकात गेली. मी मागून.

दुकानाचं शटर अर्धं उघडं, यल्लाप्पा आत पाटावर बसलेला. अंतरानं नमस्कार केला आणि पर्समधून एक बाटली काढून त्याच्या हातावर उपडी केली. डॉक्टरांना शिकवायला वापरतात तसला नमुना होता, आत बॅटरी नसलेला. दोन बोटांच्या चिमटीत मावेल एवढी चकचकीत कांडी.

"काका, मला बोलायचं नाही काही. तुम्ही बघा फक्त."

यल्लाप्पानं घड्याळजीचं भिंग डोळ्याला लावलं. सवयीनं कांडी पालथी केली, स्क्रू शोधायला. मी रस्त्यावर उभी. के.एम.टी.ची बस गेली, दोन रिक्षा गेल्या. त्याचं भिंग कांडीच्या टोकाशी थांबलं. तिथं एक बारीक तारेचा पीळ होता.

"ह्यो काय हाय?"

"तोच तिचा स्क्रू, काका. हृदयाच्या भिंतीत फिरवून बसवतात. पुढं काढायची वेळ आली तर उलटा फिरवून काढायचीही सोय ठेवलीय."

त्यानं भिंग काढलं, पुसलं, पुन्हा लावलं. "आन् भायेरनं टेस्टिंग?"

"फिरवायच्या आधी नुसती टेकवतात आणि करंट मोजतात. आकडा पटला नाही तर जागा बदलून पुन्हा. पटला की मगच पीळ द्यायचा."

"आदी टेस्टिंग, मग फिटिंग," यल्लाप्पा स्वतःशीच म्हणाला. माझ्याकडे बघून नव्हे. पण त्याच्या चेहऱ्यावर पुराआधीचा, दुकान चालत होतं तेव्हाचा यल्लाप्पा मला दिसला.

मग त्यानं तिला तासभर सोडलं नाही. बॅटरी किती वर्षं, आत किती पार्ट, सोल्डर करतात की आणखी काही. अंतराही रंगात आली. तिनं सांगितलं की आता तांदळाच्या दाण्याएवढेही पेसमेकर केलेत, ऑपरेशननंतर थोडे दिवस लागतात त्यांच्यासाठी; काम झालं की शरीरातच विरघळून जातात. अजून माणसांत नाहीत, प्राण्यांवर प्रयोग चाललेत. आणि कुठं कुठं हृदयाच्या हलण्यावरच बॅटरी भरून घ्यायची खटपट चाललीय.

"काम झालं की विरघळायचं," यल्लाप्पा म्हणाला. "ह्ये बेस हाय. आमच्यागत."

"गप्प बसा हो," मी रस्त्यावरून ओरडले. पानवाल्यानंसुद्धा वळून पाहिलं.

सोमवारी त्यानं सही केली. एकच अट घातली, खंडेनवमीला मला घरात निजवायचं नाही. मंगळवारी कांडी बसली. पाऊण तासात बाहेर आणला. शुद्धीतच होता. मला म्हणाला, "दोन जागा सोडून तिसऱ्या जागंला आकडा पटला. मी ऐकत हुतो."

खंडेनवमीला सकाळी तो आला. या खेपेला अंजनाही बरोबर होती. जुन्या मशीनवरचं खणाचं कापड काढलं, पुसलं, मागच्या बोळात जाऊन अर्थिंगच्या खड्ड्यात तांब्याभर पाणी ओतलं. मग शर्ट काढून टेबलावर आडवा झाला. अंग खंगलं होतं. चौऱ्याऐंशी साली याच टेबलावर आडवा झालेला काटकुळा माणूस आठवला. तेव्हा तो भांडत होता, मी भांडत होते, गणपतराव मध्ये पडत होते, आणि आमच्यापुढं सगळं आयुष्य होतं.

सुई तापली. मेणाचा वास आला. कागद सरकू लागला, आणि प्रत्येक मोठ्या लाटेआधी एक बारीक सरळ रेघ उभी राहिली. त्याच्या आतलं मशीन बाहेरच्या मशीनला दिसत होतं.

यल्लाप्पानं पट्टी फाडून उजेडात धरली, सवयीनं रेघेचा तळ पाहिला. "स्वच्छ हाय. लिवा."

मी चष्मा लावला आणि पट्टी वाचायला बसले. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, चौकोन मोजत, एकही लाट न सोडता. वेळ लागला.

"सही करा की बाई. किती येळ?"

मी लिहिलं. त्यानं पट्टी ओढून घेतली आणि अक्षर लावून लावून वाचलं. 'यल्लाप्पा ठीक.' पट्टीची घडी घातली आणि डब्यात न ठेवता खिशात ठेवली. अंजनानं मशीनला हळदकुंकू वाहिलं, फूल ठेवलं, आणि तेच बोट नवऱ्याच्या उघड्या छातीवर टेकवलं. तो तिच्यावर खेकसला नाही, हे मी मुद्दाम नोंदवते.

मी मशीनचं झाकण लावायला गेले तर रोलच्या जागी नुसती पुठ्ठ्याची नळी.

"संपला," यल्लाप्पा शर्टाची बटणं लावत म्हणाला. "शेवटचाच हुता. आता कुठं मिळत न्हाय."

"मग पुढच्या वर्षी काय करायचं?"

"काय करायचं म्हंजे? डॉक्टर हाईसा न्हवं? हात धरून बगा की, अक्का."

चाळीस वर्षांत त्यानं मला अक्का म्हटलं नव्हतं. त्यानं मनगट पुढं केलं. मी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहत नाडी धरली. एक मिनिट पुरं झालं. साठ, बरोबर साठ, एकही चुकला नाही.

"मोजताय का नुसतं धरून बसलाय?" यल्लाप्पानं विचारलं.

"गप्प बसा," मी म्हटलं. "मोजतेय."

मोजून केव्हाच झालं होतं.